वस्त्रगाळ पाणी आणि शासनाचे कर्तव्य



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानासाठी ‘पर्यावरण आणि मानवी आरोग्य’ हा विषय निश्चित झाला आहे. विषय एवढा विस्तीर्ण आहे की त्याचे एकच टोक हाती धरणे बरे. ते टोक एके काळी प्रत्येक जैन घरात माठाच्या तोंडाला बांधलेले असे. ते म्हणजे पाणी गाळण्याचे फडके.

गाळण्याचे वस्त्र जाडेभरडे असावे, दुपदरी असावे, भांड्याच्या तोंडाहून मोठे असावे, फाटके नसावे, हे नियम घरातील लहान मुलीलाही तोंडपाठ असत. गाळून झाल्यावर वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे असतील त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडावयाचे, हाही त्यातलाच एक नियम. या सर्व खटाटोपामागे आरोग्याचा हेतू नव्हता. पाण्यातील त्रस जीवांची विराधना टळावी, एवढाच भाव होता. आरोग्य हे त्याचे आनुषंगिक फळ होते आणि शतकानुशतके ते कोणी मोजलेही नाही.

ते मोजले गेले बांगलादेशात. मतलब नावाच्या नदीकाठच्या भागात पटकीची साथ वर्षानुवर्षे येत असे. पटकीचे जंतू पाण्यात सुटे तरंगतात त्यापेक्षा अधिक संख्येने ते पाण्यातील अतिसूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतात, ही गोष्ट अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. रिटा कोलवेल यांनी दाखवून दिली होती. अशा एका प्राण्याच्या अंगावर हजारो जंतू असू शकतात. तेव्हा प्राणी गाळला गेला की जंतूही गाळला जाईल, हा त्यांचा सरळ तर्क होता. त्यांनी आणि त्यांच्या ढाक्यातील सहकाऱ्यांनी ६५ खेड्यांतील स्त्रियांना जुनी सुती साडी चार घड्या करून घागरीच्या तोंडावर धरावयास शिकविले. २००३ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले होते. औषध नाही, यंत्र नाही, वीज नाही; घरात पडून असलेले एक जुनेर, आणि रोग जवळजवळ निम्मा!

त्यात एक बारकावा असा की, नव्या साडीपेक्षा जुनी साडी अधिक चांगली ठरली. वारंवार धुतल्याने सुताचे तंतू फुलतात, विणीतील फटी भरत जातात आणि चार घड्यांत छिद्र सुमारे २० मायक्रॉनपर्यंत लहान होते. धुवट सुती कापडाचा हा गुण कापड बाजारात प्रत्येकाच्या बोटांना ठाऊक असतो. मात्र त्याचा उपयोग कोणाच्या प्राणाशी निगडित असेल, असे गादीवर बसून सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्याच गावांत पाच वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा सुमारे ३१ टक्के स्त्रिया पाणी गाळीत होत्या. कोणी मागे लागलेले नसताना एवढ्या जणींनी सवय टिकविली, हे कौतुकास्पद आहे. पण उरलेल्या घरांचे काय, हा प्रश्न तेथेच उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात नारू या रोगाने दिले आहे. सभेतील वयोवृद्ध मंडळींना नारू आठवत असेल. पायाला फोड येई, तो फुटे आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा बाहेर पडू लागे. तो काडीला गुंडाळत दिवसाला थोडा थोडा ओढावयाचा, मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोनमहिने अंथरुणाला खिळावयाचा. हा किडा जवळजवळ मीटरभर लांबीचा असे. त्याची अळी पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्राण्यात वाढते. तो प्राणी पाण्याबरोबर पोटात गेला की साधारण वर्षभराने नारू बाहेर येतो. रुग्ण पाणी भरावयास पायऱ्यांच्या विहिरीत उतरला आणि त्याचा पाय पाण्यात बुडाला की किडा हजारो अळ्या तेथेच सोडतो. अशा रीतीने एका पायाचे दुखणे साऱ्या गावाच्या पोटात जाते.

नारूवर आजही लस नाही आणि किडा मारणारे औषधही नाही. मग तो गेला कसा? सायक्लॉप्स वस्त्रातून आरपार जात नाही, म्हणजे पाणी गाळणाऱ्या घराला नारूपासून संरक्षण होतेच. तरीही ज्या मारवाडात पाणी गाळण्याचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या होता, त्याच मारवाडात नारूही पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. कारण गाळणारे घर वाचले तरी गाव वाचत नव्हते. रस्त्याने जाणारा तहानलेला मजूर, गुरे राखणारा मुलगा, विहिरीच्या पायरीवरच ओंजळीने पाणी पिणारा वाटसरू यांच्याजवळ गाळणे कोठून असणार?

भारत सरकारने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा वर्षाला सुमारे ४० हजार रुग्णांची नोंद होती. महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा राज्यांत आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले. पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा कठडे बांधून त्यांचे रूपांतर राहाटाच्या विहिरींत करण्यात आले, हातपंप बसले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध टाकण्यात आले आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांना गाळण्याचे कापड पुरविण्यात आले. देशातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. शासन नालायक असते, त्याच्याकडून काही होत नाही, असे म्हणण्याची आपल्या व्यापारी वर्गात पद्धतच पडली आहे. ते म्हणताना नारूची आठवण ठेवावी. घराचे रक्षण फडक्याने केले, परंतु विहिरीला कठडा बांधण्याचे काम शासनावाचून झाले नसते.

जोधपूरचे हे नाव लक्षात असू द्यावे. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

फडक्याची शक्ती कोठे संपते, हेही पाहिले पाहिजे. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात राजधानी दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेचे पात्र सरकले होते आणि शहराची घाण वाहून नेणाऱ्या नजफगड नाल्याचे पाणी उलट फिरून वजिराबादच्या पाणी उपसा केंद्राशी मिसळले होते. जलशुद्धीकरण केंद्रातील अभियंत्यांना धोका कळला होता. त्यांनी तुरटी वाढविली, क्लोरीन वाढविले. त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, पण कावीळ मात्र पसरलीच. त्या साथीतील जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची पुढे अनेक वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा ती आज ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतात त्या विषाणूची साथ होती, असे निष्पन्न झाले. या विषाणूचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर असतो. चार घड्यांच्या साडीच्या एकाच छिद्रातून असे साडेसहाशे विषाणू खांद्याला खांदा लावून जाऊ शकतील. गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा रोग फार घातक ठरतो. अशा शंभर रुग्ण स्त्रियांत वीस-पंचवीस दगावल्याचीही उदाहरणे आहेत.

ही पन्नासच्या दशकातील दिल्लीची जुनी कथा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्याच राज्यात, यंत्रमागांची नगरी म्हणून देशभर ख्याती असलेल्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि काही जणांना प्राणास मुकावे लागले. इचलकरंजी पंचगंगेच्या काठी आहे. वरच्या अंगाला कोल्हापूर शहर, त्याचे नाले, मधली गावे, साखर कारखाने आणि स्वतः इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योग, या सर्वांचे सांडपाणी थोड्याफार फरकाने या एकाच नदीत येत आले आहे. पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि तेथून खालची गावे तेच पाणी उचलतात. न्यायबुद्धीने सांगावयाचे तर कावीळ रंगाच्या पाण्याने होत नाही, ती मैलापाण्याने होते. त्या साथीचे खापर यंत्रमागांवर किंवा रंगारी कारखान्यांवर फोडणे योग्य नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते आणि त्यापैकी प्रत्यक्ष शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे दर शंभर लिटरपैकी बहात्तर लिटर जसेच्या तसे नदी-नाल्यांत किंवा जमिनीत जात होते. कोणत्याही पेढीच्या ताळेबंदात एवढी तूट दिसली असती तर हिशेबनीसाने सही करण्यास नकार दिला असता.

मैलापाण्याचा दोष साऱ्या शहराचा आहे. रंगाच्या पाण्याचा मात्र नाही, आणि त्याविषयी जे सांगावयाचे ते कापड बाजारात उपजीविका करणाऱ्यांना ऐकावयास सुखाचे वाटणार नाही. सुती कापड रंगविताना रंग सुतावर बसावा म्हणून मोठ्या प्रमाणावर मीठ घालावे लागते. रंगाचा काही भाग धाग्यावर बसतो, उरलेला धुऊन जातो. मीठ मात्र जवळजवळ सगळेच पाण्याबरोबर बाहेर पडते. एक किलो कापडाच्या प्रक्रियेला ढोबळ मानाने शंभर लिटर पाणी लागते असे धरले, तर एका मध्यम प्रक्रिया गृहातून दिवसाकाठी किती पाणी बाहेर पडत असेल, याचा हिशेब या सभेत कोणालाही करता येईल. विरघळलेले मीठ, विरघळलेला रंग आणि रंगातील धातू यांना वस्त्र अडवीत नाही, उकळी मारीत नाही, तुरटी बसवीत नाही.

तमिळनाडूतील तिरुप्पूर हे शहर होजियरीसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तेथील नोय्यल नदी कावेरीला मिळते. नोय्यलवर ओरत्तुपालयम येथे १९९२ मध्ये शेतीसाठी धरण पूर्ण झाले. थोड्याच वर्षांत त्यात रंगारी कारखान्यांचे क्षारयुक्त पाणी साठले आणि शेतीसाठी बांधलेले धरण शेतीच्या उपयोगाचे उरले नाही. शेतकरी न्यायालयात गेले. मुदती पडल्या, आश्वासने दिली गेली, पुन्हा मुदती पडल्या. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शहरातील सर्व रंगाई व ब्लीचिंग कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सातशेहून अधिक कारखान्यांना एका आदेशाने टाळे लागले, हजारो कामगार गावी परतले, निर्यातदारांच्या मागण्या रखडल्या. पुढे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर कारखाने हळूहळू सुरू झाले. राज्य सरकारने सामुदायिक शुद्धीकरण केंद्रांना बिनव्याजी कर्ज दिले. आज तेथील केंद्रांत सांडपाणी पडद्यांतून गाळून, उरलेले आटवून, पाणी पुन्हा रंगाईला वापरले जाते आणि त्यातील मीठही वेगळे काढून परत वापरतात. म्हणजे जे अशक्य, परवडणारे नाही, उद्योग बुडेल, असे वीस वर्षे सांगितले जात होते, ते अखेर शक्य झाले. ते वीस वर्षे आधी झाले असते तर एक नदी आणि तिच्या काठच्या विहिरी वाचल्या असत्या.

ही जागरूकता सर्वत्र आली असेल असे समजू नये. येथे जोधपूरकडे परत यावे लागते. जोधपूरजवळून वाहणारी जोजरी, पालीची बांडी आणि बालोतऱ्याची लुणी या मारवाडातील नद्या. इथल्या कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव यांपैकी एखादीच्या काठी असेल. कुलदैवताला जाताना हे कोरडे पाट ओलांडावे लागतात. पावसाळा सोडला तर त्यांत वाहते ते बव्हंशी कारखान्यांचे आणि शहरांचे पाणी. पालीत तर १९८३ मध्येच सामुदायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले होते. देशातील अशा पहिल्यावहिल्या केंद्रांत त्याची गणना होते. तरीही बांडीवरील नेहडा धरणाच्या परिसरातील शेतकऱ्यांना आपल्या विहिरी नासल्याची तक्रार घेऊन वर्षानुवर्षे दाद मागावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोजरीच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. ज्या जिल्ह्यात शासनाने १९९६ मध्ये देशातील शेवटचा नारू संपविला, त्याच जिल्ह्यातील पाण्यासाठी तीस वर्षांच्या आत सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. पहिल्या वेळी शत्रू पाण्यातील किडा होता. त्याचा कोणी मालक नव्हता, त्याची कोणती संघटना नव्हती, तो निवडणुकीला वर्गणी देत नव्हता.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे मूळ जमाखर्चात आहे. समजा, एका गावात दोन प्रक्रिया गृहे आहेत. एक सांडपाणी शुद्ध करते, त्याचा खर्च मीटरमागे भावात चढतो. दुसरे रात्री नाल्यात सोडते, त्याचा भाव कमी राहतो. ग्राहक दोन्ही ताग्यांवर हात फिरवितो. हाताला फरक कळत नाही, डोळ्याला कळत नाही, आणि तो स्वस्त तागा उचलतो. हे वर्षभर चालले की सचोटीचे प्रक्रिया गृह एक तर बंद पडते किंवा तेही रात्री नाल्याचा मार्ग धरते. दुसऱ्याच्या भावात जो खर्च दिसला नाही तो नाहीसा झालेला नसतो. तो खालच्या गावातील शेतकऱ्याच्या नासलेल्या विहिरीत आणि त्याच्या दवाखान्याच्या बिलात नावे पडलेला असतो. येथे एकट्या-दुकट्याचे पुण्य कामाला येत नाही. दोघांना एकच नियम लावणारा आणि तो रात्रीही लावणारा असा तिसरा कोणीतरी लागतो. बाजारात वजनमापे तपासणारा निरीक्षक असतो म्हणून खऱ्या मापाच्या दुकानदाराचा निभाव लागतो, त्यातलाच हा प्रकार.

हे केवळ तर्काचे नाही, कापडाच्या धंद्याने ते स्वतः अनुभवलेले आहे. १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने रंग तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयात गाठी आढळल्याचे प्रसिद्ध केले. पुढे बेन्झिडीन आणि तत्सम रसायने कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले. तरीही त्यांपासून केलेले अनेक ॲझो रंग जगभर वापरात राहिले, आपल्याकडेही राहिले. ते कापडावर कोणाला ओळखता येत नव्हते. १९९४ मध्ये जर्मनीने असे रंग असलेल्या कपड्यांना आपली बाजारपेठ बंद केली. भारत सरकारने आधी ४२ बेन्झिडीन रंगांवर आणि १९९७ मध्ये आणखी ७० ॲझो रंगांवर, अशी एकूण ११२ रंगांवर बंदी घातली. त्या वेळी निर्यातदारांत केवढा हाहाकार उडाला होता, हे जुन्या व्यापाऱ्यांना आठवत असेल. धंदा बुडणार, पर्यायी रंग परवडणार नाहीत, हे तर परदेशी लोकांचे कारस्थान आहे, असे बोलले गेले. काही वर्षांत पर्यायी रंग आले, तपासणीचे दाखले रूढ झाले आणि निर्यात थांबली नाही. डॉक्टरांना जे १८९५ मध्ये दिसले ते कापडावरून उतरावयास शंभर वर्षे लागली; आणि उतरले ते कोणा गिरणीमालकाच्या मनात दया आली म्हणून नव्हे, सरकारी अधिसूचनेने.

अर्थात शासनाने हात घातला की सर्व ठीक होते, असेही नाही. ज्या बांगलादेशात साडीचा प्रयोग झाला, त्याच बांगलादेशात १९७० च्या दशकापासून लोकांना तळ्या-नदीचे रोगट पाणी पिण्यापासून वाचविण्यासाठी युनिसेफच्या साहाय्याने लाखो नलिकाकूप खोदण्यात आले. पाणी दिसावयास स्वच्छ, जंतूविरहित. त्यात नैसर्गिक आर्सेनिक आहे किंवा काय, हे मात्र कोणी तपासले नव्हते. १९८३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे हातापायांच्या तळव्यांवर चट्टे आणि खरखरीत गाठी असलेले रुग्ण येऊ लागले आणि नंतरच्या दशकात सीमेपलीकडील आपत्तीची व्याप्ती उघड झाली. इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा, असे तिचे वर्णन झाले आहे. पुढे तपासणी होऊन विषारी पाण्याच्या पंपांना तांबडा आणि पिण्यायोग्य पाण्याच्या पंपांना हिरवा रंग देण्यात आला. निरक्षर स्त्रीलाही समजावी अशी ती सूचना होती. ती खोदण्याच्या दिवशीच दिली गेली असती तर!

आज सुखवस्तू घरांत गाळण्याच्या फडक्याची जागा आर.ओ. यंत्राने घेतली आहे. ते विरघळलेले क्षार काढते हे खरे. पण ते जेवढे पाणी शुद्ध करते तेवढेच, बहुधा त्याहून अधिक, मोरीत सोडून देते. आणि ज्याच्या घरी ते घेण्याची ऐपत नाही त्याचे काय, हा मतलबच्या खेड्यांतला प्रश्न पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो. नळाला येणारे पाणीच पिण्यायोग्य असावे, ही मागणी करणारा वर्ग घरोघर यंत्रे बसवून गप्प बसला, ही या यंत्राची खरी किंमत आहे. दुकानात त्यावर चिकटवलेली किंमत त्या मानाने स्वस्तच म्हणावी लागेल.

कायद्याची उणीव नाही. महाराष्ट्राने तर केंद्राच्याही आधी, १९६९ मध्ये, जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापिले. १९७४ मध्ये केंद्राचा जल कायदा आला, भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. प्रदूषणमुक्त पाणी हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची भरपाई केली पाहिजे, हे तत्त्व १९९६ मध्ये तमिळनाडूतील चर्मोद्योगाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने देशाच्या कायद्याचा भाग मानले. २०२४ मध्ये मात्र जल कायद्यात दुरुस्ती होऊन अनेक गुन्ह्यांसाठी असलेली तुरुंगवासाची तरतूद गेली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. ही दुरुस्ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. किरकोळ चुकीसाठी कारखानदाराला तुरुंगाची भीती नको, हा युक्तिवाद व्यापाऱ्यांना पटण्यासारखा आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नाही. पण ज्याचा शुद्धीकरणाचा वार्षिक खर्च दंडाहून जास्त आहे, त्याच्या वहीत दंड हा दंड राहत नाही, तो परवान्याचे शुल्क होऊन बसतो. दंडाची रक्कम वाचलेल्या खर्चाहून नेहमी मोठी असावी, एवढे साधे व्यापारी गणित कायदा करणाऱ्यांनी डोळ्यांपुढे ठेवावयास हवे होते.

लंडनची एक हकीगत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदी मैल्याने एवढी दुर्गंधित झाली की नदीकाठच्या संसदेत बसणे अशक्य झाले. खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात भिजवून लावावे लागले. पटकीने हजारो माणसे मरत असताना जे विधेयक वर्षानुवर्षे अडले होते, ते त्या दुर्गंधीत अठरा दिवसांत संमत झाले. बॅझलगेट या अभियंत्याने शहराखालून भव्य गटारे बांधली. १८६६ मध्ये लंडनमध्ये पटकीची शेवटची मोठी साथ आली, ती गटारांचे काम पूर्ण न झालेल्या पूर्व भागात. मंत्रालयाच्या खिडकीखालून पंचगंगा किंवा जोजरी वाहत नाही, हे त्या नद्यांचे दुर्दैव.

म्हणून मागावयाचे ते नेमके मागावे. प्रदूषण नियंत्रण मंडळांतील रिकामी पदे भरली जावीत. निरीक्षकच नसेल तर कायद्याचे पुस्तक कपाटातच राहते. लहान प्रक्रिया गृहांना स्वतःचे शुद्धीकरण केंद्र परवडत नाही, त्यांना तिरुप्पूरप्रमाणे सामुदायिक केंद्रासाठी बिनव्याजी भांडवल मिळावे, आणि ते मिळाल्यावर नियम मोडणाऱ्याची वीज त्याच दिवशी तोडावी. व्यापारी संघटनांनी ही मागणी विरोधाच्या नव्हे, पुढाकाराच्या स्वरूपात करावी. कोणत्या प्रक्रिया गृहातून आलेला माल आपल्या दुकानात आहे, हे विचारावयास तर शासनाचीही गरज नाही. नगरपालिकेने मैलापाण्याच्या केंद्राचा रोजचा हिशेब, किती आले आणि किती शुद्ध झाले, चौकात फलकावर लिहावा. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल कार्यालयातील फाइलीत न ठेवता बांगलादेशातील पंपांप्रमाणे तांबड्या-हिरव्या खुणेने प्रत्येक टाकीवर दिसावेत. आणि नदीच्या पाण्याचा नमुना घ्यावयाचा तो शहराच्या वरच्या अंगाला, जेथे पाणी अजून निर्मळ असते आणि अहवाल चांगला येतो, तेथे घेऊ नये. तो शहराच्या खालच्या अंगाला, शेवटचा नाला मिळतो त्याच्याही पुढे घ्यावा. पुढच्या गावाची पाणी उपसण्याची विहीर तेथेच असते.